मायना, पत्ता आणि उत्तर : शालेय ई-मेल-लेखनाचे परीक्षण

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांच्या मराठी पाठ्यक्रमात पत्रलेखनाला पूर्वापार स्थान आहे. २०१७-१८ मध्ये इयत्ता नववीचे आणि २०१८-१९ मध्ये इयत्ता दहावीचे ‘कुमारभारती’ हे बालभारतीचे पाठ्यपुस्तक नव्याने सिद्ध झाले, प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली, आणि त्याबरोबरच पत्रलेखनाचे रूपही पालटले. उजव्या कोपऱ्यातील मजकूर डावीकडे आला, संपूर्ण पत्र डाव्या समासाला लागून लिहावयाचे असे ठरले, आणि अखेरीस प्रेषकाच्या नावापत्त्याखाली त्याचा ई-मेल लिहिण्याचा प्रघात पडला. पत्रव्यवहार आता बहुतांशी संगणकाच्या द्वारे होतो, तेव्हा विद्यार्थ्यास त्याच रीतीचा परिचय व्हावा, हा यामागील हेतू होय. हेतूविषयी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु वर्गात आणि उत्तरपत्रिकेत जे लिहविले जाते ते ई-मेल आहे काय, आणि नसेल तर त्याचे स्वरूप काय, याचा विचार भाषेच्या अंगाने होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत परीक्षणात तो नांदेड जिल्ह्यातील बिलोलीच्या संदर्भात केला आहे.

बिलोली हे गाव या विचाराला विशेष उपयुक्त आहे. तालुक्याच्या कडेने मांजरा वाहते. ती ओलांडली की सालुरा आणि पुढे बोधन, म्हणजे तेलंगणाचा निजामाबाद जिल्हा. १९५६ पर्यंत दोन्ही तीर एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मधली नदी दोन राज्यांची सीमा झाली. रोटीबेटीचा व्यवहार मात्र चालूच राहिला. बिलोली, कुंडलवाडी, धर्माबाद या पट्ट्यात घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि मोहल्ल्यात दखनी अशी विभागणी एकाच मुलाच्या दिवसात घडते. जिल्ह्याच्या अन्य भागांतील तांड्यांवर गोरमाटी आहे, देगलूरच्या बाजूस कन्नड आहे. अशा मुलाला कोणाशी कसे बोलावे, कोणत्या भाषेत आणि कोणत्या सर्वनामाने बोलावे, याचे ज्ञान शाळेत येण्यापूर्वीच असते. पत्रलेखन हे या ज्ञानाचेच लेखी रूप असावयास हवे.

प्रथम ई-मेलच्या यंत्ररचनेकडे पाहावे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडण्याची सोय केली आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे व्यापारी चिन्ह योजिले. तेव्हापासून आजतागायत ई-मेलचे दोन स्पष्ट भाग राहिले आहेत : शीर्ष आणि देह. कोणाकडून, कोणास, केव्हा, कोणत्या विषयी, ही माहिती शीर्षात असते. तीपैकी प्रेषकाचा पत्ता आणि दिनांक यंत्रच भरते. लिहिणाऱ्याच्या वाट्याला येतो तो प्राप्तकर्त्याचा पत्ता, विषय आणि देह. शालेय प्रारूपात विद्यार्थी हाताने दिनांक घालतो, ‘प्रति’ लिहितो, विषय लिहितो आणि अखेर स्वतःचा ई-मेलही लिहितो. म्हणजे यंत्राने करावयाचे काम तो कागदावर पेनाने करतो. डावा समास ही तर ई-मेलची भाषिक विशेषताच नव्हे. इंग्रजी कचेऱ्यांतील टंकलिखित पत्रांची ती एक जुनी रीत आहे. अशा रीतीने निर्माण झालेला लेख टपालाने पाठविण्याचे पत्र नाही आणि ई-मेलही नाही. तो ई-मेलच्या छापील प्रतीची हस्तलिखित नक्कल आहे. पूर्वीच्या शालेय लेखनात तारेचाही सराव करून घेतला जाई. शब्द मोजून तार लिहिणाऱ्या पुष्कळ मुलांनी पुढे एकही तार केली नसेल. १५ जुलै २०१३ पासून भारतातील तारसेवाच बंद झाली. प्रारूप व्यवहाराहून अधिक काळ टिकते, असा शालेय लेखनाचा अनुभव आहे.

या नकलेत एक गोष्ट मात्र अस्सल आहे, ती म्हणजे पत्त्याची लिपी. मराठीच्या उत्तरपत्रिकेत रोमन लिपीतील तेवढी एक ओळ येते आणि ती शुद्धलेखनाच्या कोणत्याही नियमाखाली येत नाही. ई-मेलचा पत्ता रोमनच असतो, ही जणू निसर्गव्यवस्था आहे, असे मूल त्यातून शिकते. वस्तुस्थिती तशी नाही. अन्य लिप्यांतील ई-मेल पत्त्यांची आंतरराष्ट्रीय प्रमाणके २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनाम २०१४ मध्ये खुले झाले. देवनागरी पत्ते रूढ झाले नाहीत हे खरे. परंतु ते शक्य आहेत, आणि का रूढ झाले नाहीत, हा दहावीच्या विद्यार्थ्याला समजण्याजोगा आणि रुचण्याजोगा प्रश्न आहे. भाषेच्या पुस्तकाला याहून उचित असा संगणकविषयक धडा क्वचितच सापडेल.

आता मायन्याकडे वळावयास हवे, कारण खरा भाषिक प्रश्न तेथे आहे. मराठी पत्राच्या मायन्याला दीर्घ इतिहास आहे. कोणाला कोणत्या शब्दांनी लिहावे याचे दंडक परंपरा हेमाद्रीपर्यंत नेऊन भिडविते आणि त्यांना मेस्तक म्हणते. पुढे फारसीच्या राजवटीत मायने फारसी झाले. राजवाड्यांनी जुन्या पत्रांच्या आधारे मराठीवरील फारसीच्या संस्काराची जी चर्चा केली तीत हा भाग ठळक आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि पेशवाईअखेरपर्यंत तीर्थरूप, चिरंजीव, राजमान्य राजश्री, साष्टांग नमस्कार विनंती विशेष अशी सुस्थिर परिभाषा तयार झाली. तिचे ‘सा. न. वि. वि.’ हे लघुरूप कालपरवापर्यंत पोस्टकार्डावर होते. या परिभाषेत वय, नाते, जात आणि वैधव्य यांची नोंद पत्राच्या पहिल्याच ओळीत होत असे. विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ लिहिल्यावाचून पत्र पुरे होत नसे. नव्या प्रारूपाने हा पसारा काढून टाकला याबद्दल शोक करण्याचे प्रयोजन नाही. उलट ती एक सुधारणाच म्हणावी लागेल.

परंतु त्याच्या जागी काय आले? औपचारिक पत्रात ‘महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’. घरगुती पत्रात ‘प्रिय’, ‘सादर नमस्कार’, ‘सप्रेम नमस्कार’ आणि जुन्या मायन्यातून उरलेले तीर्थरूप. ही शब्दावली प्रतिष्ठित आहे, निरुपद्रवी आहे. पण तिचे घर कोणते हे विचारले पाहिजे. मराठवाड्यातील हजारो पत्रे अनेक दशके ‘सप्रेम जयभीम’ या शब्दांनी सुरू होत आली आहेत. तो मायना एका समाजाने जाणीवपूर्वक, जुना मायना नाकारून घडविला. मराठी पत्राच्या इतिहासात राज्यव्यवहारकोशानंतरची ती मोठी घटना मानण्यास हरकत नसावी. तांड्यावरचे मूल वडीलधाऱ्यांना ‘जय सेवालाल’ म्हणते. दखनी बोलणाऱ्या घरात सलाम आहे, तेलुगू घरात नमस्कारम् आहे, शेतावर रामराम आहे. यांपैकी एकही शब्द उत्तरपत्रिकेत लिहिण्याचे धाडस बिलोलीचे मूल करणार नाही, कारण तो शब्द चूक आहे असे कोणी सांगितले नसले तरी बरोबर आहे असेही कोणी सांगितलेले नाही. जुन्या मेस्तकाने निदान समाजातील भेद उघड मांडले होते. नव्या प्रारूपाने ते दिसेनासे केले आणि एकाच थरातील अभिवादन सर्वांचे म्हणून ठेविले.

हैदराबाद राज्याचा वारसाही येथे लक्षात घ्यावा लागतो. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि संस्थानच्या कचेऱ्यांचेही तेच. दरखास्त, पेशकार, गिरदावर हे शब्द या भागाच्या जुन्या कागदपत्रांत जागोजागी भेटतात. सरकारला लिहावयाचे ते आपल्या बोलण्याहून सर्वस्वी निराळ्या भाषेत, ही समजूत येथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. शालेय ई-मेल तिला धक्का लावीत नाही. केवळ भाषा बदलते.

या सर्वांच्या मुळाशी असलेला दोष एकच आहे, आणि तो समासाचा वा मायन्याचा नाही. कृतिपत्रिकेतील पत्राला वाचक नाही. ‘विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने’ एखाद्या रोपवाटिकेस वा पुस्तकभांडारास मागणीपत्र लिहावयाचे असते. ते भांडार काल्पनिक, पत्ता काल्पनिक, प्रतिनिधी काल्पनिक. रोमान याकोबसन याने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात भाषाव्यवहाराचे जे सहा घटक सांगितले त्यांत ज्याला उद्देशून बोलावयाचे तो एक घटक आहे. निबंध, गोष्ट किंवा कविता यांत हा घटक धूसर असला तरी चालते. पत्रात तोच प्रधान असतो, किंबहुना पत्राची भाषा त्याच्यावरूनच ठरते. मावशीला ‘तू’ लिहावे की ‘तुम्ही’, गुरुजींना कारण किती विस्ताराने सांगावे, अनोळखी माणसाला आधी ओळख द्यावी की आधी काम सांगावे, हे निर्णय समोरचा मनुष्य कोण आहे हे ठाऊक असल्याखेरीज घेता येत नाहीत. तो नसेल तर उरते केवळ प्रारूप, आणि गुणही प्रारूपालाच मिळतात.

कागदावर जे होत नाही ते शाळेतील प्रत्यक्ष इंटरनेटवर होते काय? गेल्या काही वर्षांत या दिशेने पुष्कळ काम झाले आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली, आणि पुढे ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत स्वीकारली गेली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ‘दीक्षा’ हे केंद्र शासनाचे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले आणि पुस्तकातील कोड त्याच्याशी जोडले गेले. २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद राहिल्या तेव्हा त्याच वर्षाअखेर राज्यात ‘स्वाध्याय’ हा व्हॉट्सॲपवरील साप्ताहिक प्रश्नावलीचा उपक्रम चालू झाला. या प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचा उद्देश नाही. जेथे शिक्षक पोहोचू शकत नव्हता तेथे धडा पोहोचला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु भाषेच्या दृष्टीने पाहिले तर या सर्व सोयींत प्रवाह एकाच दिशेचा आहे. कोडमधून चित्रफीत येते, ती मूल पाहते. प्रश्नावली येते, मूल पर्याय निवडून उत्तर देते. मराठी विषयाच्या स्वाध्यायातही मराठीचे एक वाक्य रचून धाडण्याची आवश्यकता पडत नाही. येणारी मराठी एकसुरी प्रमाण मराठी असते. ती ऐकावी हे योग्यच, पण तिला उत्तर देण्याची जागा नसते. (शाळेत ई-मेल येत नाही असे नव्हे. तो येतो तो वरून, मुख्याध्यापकांच्या नावे, माहिती तत्काळ सादर करण्याविषयी; आणि २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत रकाने भरताना शिक्षकांच्या डोळ्यांपुढे इंटरनेटचे जे रूप उभे राहिले ते मुलांना देण्याची त्यांना हौस वाटू नये, हे स्वाभाविकच आहे.)

तिसरे एक लेखन शाळेच्या बाहेर चालते, आणि त्याची दखल पाठ्यक्रमाने घेतलेली नाही. बिलोलीकडची मुले भ्रमणध्वनीवर, म्हणजे त्यांच्या भाषेत मोबाईलवर, एकमेकांना सतत लिहितात, आणि पुष्कळदा रोमन लिपीत मराठी लिहितात. रोमनमध्ये ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद नष्ट होतो, याबद्दल खेद व्यक्त केला जातो आणि तो रास्तही आहे. पण दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. देवनागरीत वही उघडली की मूल ‘तू काय करत आहेस’ असे लिहिते. रोमनमध्ये तेच मूल ‘काय करायलास’ असे लिहिते. प्रमाण मराठीत ‘करायला’ हे हेत्वर्थाचे रूप. मराठवाड्यात त्याला पुरुषप्रत्यय लागून चालू वर्तमानकाळ सिद्ध होतो. ‘येऊलालो’ हे लातूर-नांदेडकडील रूपही त्याच वर्गातील. बोलीची ही व्याकरणिक रूपे ग्रामीण कथा-कादंबऱ्यांच्या संवादांखेरीज फारशी लेखनात आली नव्हती. आज ती दररोज लिहिली जातात, आणि ती रोमनमध्ये लिहिली जातात, कारण मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या व १९७२ च्या शुद्धलेखननियमांचे भय त्या लिपीला नाही. देवनागरी ही चूक होण्याची लिपी आणि रोमन ही बोलण्याची लिपी, अशी वाटणी मुलांच्या मनात होऊ लागली आहे. रोमनच्या फैलावाचे खापर कळफलकाच्या अडचणीवर फोडले जाते. २०१७ पासून गुगलवर मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोय झाल्यावर ते कारण पुरेसे राहत नाही. शाळेने देवनागरीला दिलेला धाक हे त्याहून खोल कारण आहे.

या तिन्ही लेखनप्रकारांना एकत्र आणण्याचा मार्ग नवा नाही. फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने याने १९२० च्या दशकात दक्षिणेतील बार-स्यूर-लू या खेड्यातील आपल्या शाळेचा ब्रिटनी प्रांतातील त्रेगँकच्या शाळेशी पत्रव्यवहार सुरू केला. मुले आपल्या गावाविषयी लिहीत, शाळेतील लहानशा छापखान्यावर ते छापीत आणि दूरच्या वर्गाकडे धाडीत. एका गावाभोवती प्रोव्हाँसाल बोली, दुसऱ्याभोवती ब्रेतॉन; सामायिक भाषा शाळेची फ्रेंच. तिकडच्या मुलांना कळले नाही तर प्रश्न येई, आणि वाक्य पुन्हा लिहावे लागे. लेखन सुधारण्याचे कारण तांबड्या शाईत नसून वाचणाऱ्याच्या न कळण्यात होते. मराठी वाचकाला ही कल्पना अगदी परकी वाटू नये. साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मांडलेली आंतरभारती, म्हणजे निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनी एकमेकांची भाषा व जीवन जाणून घ्यावे ही आकांक्षा, हिला ई-मेलइतके स्वस्त साधन त्या काळी उपलब्ध नव्हते.

बिलोलीतील एखाद्या शाळेच्या नववीच्या वर्गाने बोधनच्या एखाद्या वर्गाशी वर्षभर ई-मेलने लिहिण्याचे ठरविले तर काय घडेल, याची कल्पना करता येते. पहिलाच प्रश्न भाषेचा उभा राहील. घरी तेलुगू बोलणारे जे मूल मराठीच्या तासाला मागे बसते ते त्या दिवशी वर्गाचे दुभाषी होईल. बोधनकडे मराठी घरे आहेत. तेथील मुलांना मराठी लिहिण्याला निमित्त मिळेल. मांजरेच्या वाळूविषयी, सीमेपलीकडच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या आणि इकडे न मिळणाऱ्या सवलतींविषयी, बासरच्या सरस्वतीसमोर झालेल्या अक्षराभ्यासाविषयी लिहिण्यासारखे दोन्हीकडे पुष्कळ आहे. त्याच बासरला २००८ मध्ये ग्रामीण मुलांसाठी तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन झाली आणि तेथे विद्यार्थ्यांच्या हाती लॅपटॉप देऊन शिकविण्याची पद्धत अवलंबिली गेली; तिच्याविषयी इकडच्या मुलांना कुतूहल असणे अशक्य नाही. पत्राची सुरुवात ‘रामराम’ने करावी, ‘जयभीम’ने करावी की ‘नमस्कारम्’ने, हे वर्गाला आपसांत ठरवावे लागेल, आणि मायन्याचा तो धडा कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगला होईल. ‘काय करायलास’ हे देवनागरीत लिहिले तर पलीकडच्याला कळेल काय, हाही प्रश्न निघेल. आणि न कळल्यास प्रमाण रूप वापरण्याचे खरे कारण मुलाला प्रथमच दिसेल.

अडचणी आहेतच, त्यांतील काही वाटतात तितक्या मोठ्या नाहीत. प्रत्येक मुलाला यंत्र हवे असे नाही. फ्रेनेच्या शाळांतही पुष्कळ लेखन सामुदायिक असे. वर्गाचे एक खाते, शिक्षकाच्या देखरेखीखाली, एवढे पुरेसे आहे, आणि अल्पवयीन मुलांची स्वतंत्र खाती उघडण्याचा प्रश्नही त्यामुळे टळतो. चित्रफितीला जेवढे जाल लागते त्याच्या अत्यल्प अंशात ई-मेल जातो. वीज गेली तर तो उद्या जातो. ही उद्यावर टाकण्याची मुभा शाळेच्या दृष्टीने त्याचा गुणच आहे, कारण मसुदा लिहिणे, वाचून दाखविणे, खोडणे यांना अवधी मिळतो. व्हॉट्सॲपला तो मिळत नाही. मोठी अडचण शिक्षकाच्या वेळेची आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. दुसरी गुणांची. लेखी कृतिपत्रिकेत उत्तर येईपर्यंत थांबता येत नाही, म्हणून तेथे काल्पनिक पुस्तकभांडार राहणारच. परंतु भाषाविषयाचे २० गुणांचे जे अंतर्गत मूल्यमापन २०१९-२० पासून पुन्हा सुरू झाले ते शाळेच्याच हाती आहे. त्यातील काही गुण मुलाने लिहिलेल्या आणि ज्याला उत्तर आले अशा एका ई-मेलसाठी, दोन्ही बाजूंचा मजकूर वहीत चिकटवून, ठेवावयास फारशी आडकाठी दिसत नाही.